साउथ लेक टाहोचा एअरपोर्ट: आठ महिने वापरल्यावर

जूनपासून आत्तापर्यंत बे एरियातल्या लिव्हरमोरहून इथे, कॅलिफोर्नियातल्या टाहो तळ्याकाठी, माझ्या चौदा फेऱ्या झाल्यात, सगळ्या क्लबच्या सेसना १७२ या छोट्या चार सीटच्या विमानातून. बे एरियातली आपली बरीच मंडळी हल्ली पायलटचं लायसन्स काढतायत आणि पहिलं मोठं स्वप्न म्हणजे टाहो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

कार असेल तर वाहतूक नसतानाही तीनेक तास, शुक्रवारी संध्याकाळी किती ते विचारूच नका. विमानाने मला सव्वा तास लागतो. जाताना मी ११,५०० फुटांवरून सिएरा डोंगररांग ओलांडतो आणि मग समोर अचानक ते निळं तळं उघडतं, चौदा वेळा बघूनही मी दरवेळी गप्प होतो.

एअरपोर्ट गावाचाच, म्हणजे साउथ लेक टाहो शहराच्या मालकीचा. टर्मिनलच्याच इमारतीत सिटी हॉल, कौन्सिलच्या बैठका तिथेच होतात. एकेकाळी इथे पीएसए या एअरलाइनची चार इंजिनांची इलेक्ट्रा विमानं प्रवासी घेऊन यायची. आता एअरलाइन नाही, कंट्रोल टॉवरही नाही, रेडिओवर आपणच आपली पोझिशन सांगायची आणि बाकीच्यांचं नीट ऐकायचं. मला ही शांतता फार आवडते. विमान बांधून बाहेर आलं की पाइनचा वास.

आता खरं महत्त्वाचं. रनवे साडेआठ हजार फुटांचा आहे, आणि नवीन माणूस तिथेच फसतो. लांबी बघून वाटतं की छोट्या विमानाला काय अडचण. पण उंची साधारण ६,२७० फूट, आपलं महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे हा त्याच्याही बराच वर. आणि उन्हाळ्यात दुपारी २८ डिग्री झालं की हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आणि पंखांना आपण ९,२०० फुटांवर असल्यासारखं वाटतं.

जुलैमधे आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन गेलो. तिघंच, सामान कमी, टाक्याही फुल्ल केल्या नव्हत्या, सगळा हिशोब कागदावर बरोबर होता. परतताना जेवण लांबलं आणि निघायला दुपारचा एक वाजला. रनवेवर आलो, थ्रॉटल पूर्ण आत, आणि इंजिन घरघरायला लागलं, आरपीएम हवा तेवढा येईना, वेग चाळीस नॉटच्या आसपास रेंगाळायला लागला. मिक्स्चर, म्हणजे इंजिनात जाणारं हवा-इंधनाचं मिश्रण, पूर्ण रिच होतं, विरळ हवेच्या मानाने इंधन जास्त. लिव्हरमोरला जमिनीवर ते तसंच ठेवायची सवय, इथे टेकऑफच्या आधी लीन करायला, म्हणजे इंधन कमी करायला हवं होतं, तेच राहिलं. थ्रॉटल मागे घेतला, ब्रेक लावले. पुढे रनवे भरपूर शिल्लक होता म्हणून निभावलं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आंबेनळी घाटात कित्येक वर्षं गाडी चालवलीय. मागून एवढंच म्हणाले, "अरे, घाटात गाडी दमते तसंच की हे. दम खाऊ दे तिला, सकाळी जाऊ." मिक्स्चर लीन करून लगेच पुन्हा प्रयत्न करता आला असता, पण तोपर्यंत वारा वाढायला लागला होता आणि आईचा चेहरा मला आरशाशिवाय दिसत होता. राहिलो. दुसऱ्या दिवशी सात वाजता ९ डिग्री, वारा नाही, ब्रेक धरून लीन केलं, आरपीएम सर्वात वर गेला तिथे मिक्स्चर ठेवलं आणि विमान कसं छान उचललं!

तेव्हापासून उन्हाळ्यात नऊच्या आत निघतो, नाहीतर त्या दिवशी निघतच नाही. वारा साथ देत असेल तर टेकऑफ उत्तरेकडे, कारण तिकडे तळं आहे, दक्षिणेला डोंगर. तळ्यावरच गिरक्या घेत १०,५०० पर्यंत चढायचं आणि मगच पश्चिमेला वळायचं. गरम दिवशी १७२ मिनिटाला जेमतेम ३५०-४०० फूट चढते, तेव्हा एको समिट या खिंडीकडे सरळ नाक धरून जाऊ नका. लँडिंगलाही लक्षात ठेवा, काट्यावर वेगाचा आकडा नेहमीचाच दिसतो पण जमिनीवरून तुम्ही जास्त वेगात जात असता, वेग जास्त वाटला म्हणून उगाच कमी करायला जाऊ नका.

हिवाळ्यात वेगळं. रात्रभर बाहेर ठेवलं तर इंजिन प्रीहीट केल्याशिवाय, म्हणजे आधी बाहेरून गरम केल्याशिवाय सुरू करत नाही आणि पंखावरचं हिव पूर्ण पुसतो, थोडंसं सुद्धा ठेवत नाही. ढग डोंगरावर टेकले असतील तर मी लिव्हरमोरहून निघतच नाही. १ मार्च १९६४ ला बर्फाच्या वादळात इथे उतरू न शकलेलं पॅराडाइज एअरलाइन्सचं कॉन्स्टेलेशन विमान जवळच जेनोआ पीकवर आदळलं, ८५ माणसं गेली. पहिल्या फेरीच्या आधी मी त्याबद्दल वाचलं होतं ते बरं झालं.

पहिल्यांदा जाणार असाल तर डोंगराची सवय असलेला इन्स्ट्रक्टर सोबत घ्या, एक फेरी पुरते. मी बर्फ वितळल्यावर पुन्हा आई-बाबांना घेऊन जाणार आहे, बाबांनी फोनवर आधीच विचारलंय, "सकाळी किती वाजता निघायचं?"