उंच ड्रायव्हरसाठी टाटा २०७ ची केबिन मोकळी करणं: परतवाड्याकडच्या सीटकामाचं परीक्षण

संत्र्याच्या नाहीतर कापसाच्या हंगामात वरूड-मोर्शीपासून अकोटपर्यंत कुठल्याही मार्केट यार्डात उभं राहा, जुन्या पिकअपमध्ये मान वाकवून बसलेला एखादा उंच ड्रायव्हर दिसतोच. गुडघा स्टिअरिंगच्या कड्याला, डोकं टपाला म्हणजे केबिनच्या छताला, आणि क्लच दाबताना मांडी तिरकी. रात्रभर असं चालवल्यावर सकाळी त्याची कंबर धरलेली असते. याला नशीब म्हणून सोडून द्यायचं कारण नाही, कारण जुन्या केबिनमध्ये चार बाजूंनी थोडी थोडी जागा अडकलेली असते आणि ती सोडवता येते.

परतवाड्याच्या अलीकडे अमरावती रस्त्यावर कुशनवाला आणि वेल्डर यांचं एक जोडदुकान आहे. जुन्या गाड्यांची सीट मागे आणि खाली घेऊन देणं हे त्यांचं नेहमीचं काम. हे परीक्षण टाटा २०७ डीआय, सिंगल केबिन, ड्रायव्हरची उंची ६ फूट २ इंच, अशा एका कामाचं आहे. खर्च ५,६०० रुपये, वेळ दीड दिवस. लोखंडाचं काम उत्तम, फोमचं काम कच्चं, आणि दोन कामं ते करून देतो म्हणतात पण करून घेऊ नयेत.

चांगल्यापासून सुरुवात करू. इथे ग्राइंडर हातात घेण्याआधी माणूस मोजतात. ड्रायव्हरला रोज घालतो त्याच चपला-बुटांवर बसवतात, क्लच तळापर्यंत दाबायला लावतात आणि गुडघ्यात थोडा वाक उरतो का ते पाहतात. पाठ टेकलेली ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कड्यावर पडायला हवं. बोटंच पोचत असतील तर सीट फार मागे गेली, कोपराजवळचा भाग पडत असेल तर अजून पुढे आहे. डोकं आणि टप यांच्यामध्ये बंद मूठ मावली पाहिजे, कारण चिखलदऱ्याच्या घाटात किंवा खड्ड्यात गाडी आपटली की माणूस सीटवरून तेवढा उडतोच. शेवटी नजर. उंच माणसाची नजर काचेच्या वरच्या चौकटीला टेकते आणि चौकातला सिग्नल पाहायला त्याला खाली वाकावं लागतं. ही चारही मापं पाटीवर खडूनं लिहितात. बाकीची बरीच दुकानं ‘किती मागे घ्यायची?’ एवढंच विचारतात आणि तिथेच चुकतात.

चुकतात ते असं. नुसती सीट खाली घेतली तर डोकं सुटतं पण गुडघा आणखी वर येतो, कारण पाय तिथेच असतात आणि कंबर खाली जाते. नुसती मागे घेतली तर पाठ सरळ उभी होते, कारण सिंगल केबिनला मागे कलायला जागाच नसते. म्हणून मागे आणि खाली हे दोन्ही जोडीनं करावं लागतं. इंचभर खाली न्यायची असेल तर निदान इंचभर मागेही न्यावी. मागचा पत्रा जेवढी जागा देईल त्यावरच खाली किती जायचं हे ठरतं.

मागची जागा मोजण्याआधी सीटमागचं सामान काढायचं. जॅक, टॉमी, पाने, घडी घातलेली ताडपत्री, दोरखंड असं सगळं तिथे कोंबलेलं असतं आणि पाठ त्यावर रेलून आलेली असते. या गाडीत हे काढल्यावर सीटची पाठ आणि केबिनचा मागचा पत्रा यांच्यात पावणेतीन इंच निघाले. त्यातले दोन वापरले, पाऊण इंच सोडलं, म्हणजे खड्ड्यात सीटची चौकट पत्र्यावर घासणार नाही. काढलेल्या सामानासाठी डाल्याखाली, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या भागाखाली, कुलपाची पेटी त्यांनीच लावून दिली, ती वरच्या खर्चातच आली.

मोबाइलवर अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ पाहून काहीजण सीटमागची टाकी हलवायचं विचारतात. १९६७ ते १९७२ च्या शेवरोले सी-१० मध्ये पेट्रोलची टाकी खरोखरच केबिनमध्ये सीटमागे असते; ती डाल्याखाली नेली की तिथे चांगली जागा होते. १९८८ च्या टाटामोबाइल २०६ पासून आलेल्या या घराण्यात तो प्रश्नच नाही. उलट जुन्या सीजे-३बी जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, त्यामुळे तिथे सीट खाली घेण्याचा विचारच करू नये.

आता लोखंड. स्लायडर (सीट पुढे-मागे सरकवणारी रेल) आणि स्टँड (तिच्याखालचा लोखंडी पाया) यांच्यामध्ये ६ मिमी जाड, ५० मिमी रुंद लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घेतले. पट्टीला स्टँडच्या मूळ भोकांवर दोन भोकं आणि दोन इंच मागे स्लायडरसाठी दोन. केबिनच्या तळाच्या पत्र्याला एकही नवं भोक पाडलं नाही, आणि हे या दुकानाचं सगळ्यात मोठं श्रेय. पातळ पत्र्यात पाडलेलं भोक वर्षभरात लांबोडकं होतं, त्यातून पाणी शिरतं, मग गंज. कुठे नवं भोक पाडावंच लागलं तर खालून ३ मिमी जाडीची, निदान ७५ मिमी चौरस पट्टी हवी. भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून ब्रेकचा पाइप आणि वायरिंग कुठून जातं ते पाहायचं. बोल्ट डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा शिक्का असलेले, नट नायलॉनच्या कड्याचे. साधे बोल्ट आणि स्प्रिंग वायसर इथे चालत नाहीत, जोरात ब्रेक लागला की माणसाचं सगळं वजन याच चार बोल्टांवर येतं.

स्टँड पुढून एक इंच आणि मागून दीड इंच कापला. मागचं जास्त कापलं की सीटला हलका उतार मिळतो आणि मांडी गुडघ्यापर्यंत टेकते. उंच माणसाची मांडी नेहमी अधांतरी असते, म्हणूनच त्याची कंबर दुखते. कापलेला स्टँड गाडीबाहेर काढून जोडला, हेही बरोबर केलं. काहीजण गाडीतच वेल्डिंग मारतात. मग जवळच्या फोमवर ठिणगी पडते आणि तो फोम पेटला की धूर विषारी असतो. गाडीत वेल्डिंग टाळताच आलं नाही तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. शिवाय सीट बाहेर, खाली ओलं पोतं आणि हाताशी वाळूची बादली हवी.

स्लायडरवर मात्र कुठेच वेल्डिंग करायचं नाही. उष्णतेनं खाच धरणाऱ्या स्प्रिंगचा ताण जातो आणि रेल वाकते. दोन रेली समांतर आहेत का हे कर्ण मोजून पाहायचं. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर एका बाजूचं कुलूप पूर्ण बसतं, दुसऱ्या बाजूचं दाताच्या टोकावर अडकून राहतं. ते लक्षात येत नाही, कारण सीट हलत नाही. ब्रेक मारल्यावर मात्र एक बाजू सुटते. गाडी घेताना सीट प्रत्येक खाचेवर थांबवून, पाय समोरच्या पत्र्याला लावून पाठीनं जोरात रेटून पाहा. बदली ड्रायव्हर बुटका असेल तर त्यालाही बसवून पाहा, सीट पुढे येऊन त्याचा पाय ब्रेकवर पुरता पोचला पाहिजे.

फोममध्ये दुकान कमी पडलं. ठरलं होतं खाली दीड इंच रिबॉन्ड, म्हणजे चुऱ्याचा दाबलेला फोम, आणि वर दीड इंच ४० डेन्सिटी (आकडा जेवढा मोठा तेवढा फोम घट्ट विणीचा आणि जड). घातला तीन इंच ३२ डेन्सिटी. पहिल्या दिवशी तो छान मऊ वाटतो. पंधरा-वीस दिवसांत बसतो आणि ड्रायव्हर सीटच्या खालच्या फळीवर येतो. मग ड्रायव्हर घडी केलेली गोधडी खाली घालतो आणि मिळवलेला इंच परत जातो. रेक्झिन शिवण्याआधी फोम स्वतः पाहून घ्या. बोटानं दाबून कळत नाही, कडेचा तुकडा तोलून पाहावा लागतो: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड असा ४० चा तुकडा साधारण ९५ ग्रॅम भरतो, ३२ चा ७५. तक्रार केल्यावर त्यांनी फोम बदलून दिला, मजुरी घेतली नाही, पण दिवस गेला. पुढची कड मात्र पहिल्यापासून नीट गोल केली होती. चौकोनी कड मांडीखाली रुतते आणि पाय बधिर होतात.

कापडाबाबत त्यांचा सल्ला मोलाचा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं काळं रेक्झिन अंग भाजतं. मधल्या पट्ट्यात जाड सुती कॅनव्हास, कडेला रेक्झिन, आणि काढून धुता येईल असं वरचं कव्हर. काळ्या मातीची धूळ आणि घाम यांनी न निघणारं कापड महिन्याभरात कुजकट वास मारायला लागतं.

टपाच्या आतून अनेक गाड्यांना इंचभर फोम आणि गुंड्यांचं रेक्झिन लावलेलं असतं. तो इंच उंच माणसाच्या डोक्यावरच्या जागेतून जातो. पण सगळं उचकटून पत्रा उघडा ठेवला तर टप तव्यासारखा तापतो. त्याजागी चांदीसारख्या पापुद्र्याची ५ मिमी जाडीची उष्णतारोधक शीट चिकटवली. अर्धा-पाऊण इंच मिळाला. पत्रा आधी थिनरनं पुसून घ्यावा, नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात शीट लोंबते. काचेच्या वरची देवाच्या नावाची पट्टी, झालर आणि माळा खाली घ्या. बुटक्या माणसाला त्यांचा त्रास होत नाही, उंच माणसाची अर्धी नजर त्या अडवतात.

एक काम फुकटातलं आहे आणि ते कुणी सांगत नाही. काच खालीवर करायचा हँडल गुडघ्याला लागत असेल तर त्याची क्लिप काढून, काच पूर्ण वर असताना हँडल पुढे-वर राहील असा दात्यांवर फिरवून परत बसवायचा. पायाखाली एकावर एक टाकलेल्या रबरी मॅट आणि जुना गालिचा काढला तर टाचेला अर्धा इंच मिळतो, क्लचही पूर्ण दबतो.

बेल्टकडे दुकानाचं लक्ष कमी आहे, ते आपणच द्यावं. सीट मागे-खाली गेल्यावर बकल मांडीवर येऊन बसतं का ते पाहा; पट्टा पोटावरून नाही, कंबरेच्या हाडावरून गेला पाहिजे. बेल्टचा बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंची, इंचाला २० आटे असा असतो. हरवला म्हणून १० मिमीचा घातला तर तो बसल्यासारखा दिसतो आणि ओढ आली की निसटतो. डोक्यामागे टेका नसलेली सीट मागच्या काचेजवळ नेऊ नका. इथे जुन्या कारच्या सीटचा टेका लावून देतात, तो घ्या.

आता जी दोन कामं नको म्हटली ती. पहिलं, लहान स्टिअरिंग. गुडघा सुटतो हे खरं, पण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या भरल्या गाडीत लहान चाक वळवायला जास्त दम लागतो आणि परक्या बोश्याचे (चाक खांबावर बसवायच्या मधल्या तुकड्याचे) दाते नीट जुळले नाहीत तर चाक हातात येतं. त्याऐवजी स्टिअरिंगच्या खांबाच्या कंसाजवळ भर घालून किंवा काढून कडा थोडा वर घेता येतो. त्यानंतर खालचा जॉइंट अडकत नाही ना, हे दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहायचं.

दुसरं, मागचा पत्रा कापून केबिन सहा इंच डाल्यात घुसवणं. केबिन रबरावर बसलेली असते, डाला चासीला वेगळा आवळलेला असतो, आणि शेतरस्त्यावर चासी पिळते तेव्हा दोघं वेगवेगळे हलतात. वाढवलेला पत्रा डाल्यावर आपटून फाटतो, दार बंद व्हायचं थांबतं. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, फिटनेसला ते अडतंच. बोल्टवर बसवलेली पट्टी मात्र पानानं काढता येते.

काम झाल्यावर तिन्ही आरसे नव्यानं लावून घ्या, कारण डोळे आधीपेक्षा मागे आणि खाली गेलेले असतात. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा आवळायला परत जा, त्याचे पैसे ते घेत नाहीत. स्टँड कापण्याआधी विचारून घ्या: भंगारातला दुसरा स्टँड कापायला त्यांच्याकडे बहुधा असतो, तो घेतला तर ३०० रुपये जास्त पडतात आणि मूळ स्टँड त्याच्या चार बोल्टांसह तुमच्याकडे राहतो.