तळ्याचं पाणी ‘तपासून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

परसातल्या तळ्यात कोई (शोभेचे मोठे रंगीत मासे) किंवा गोल्डफिश पाळणाऱ्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या घरी वयस्कर माणसं दिवसभर एकटी असतात त्यांनी तर नक्कीच. आमच्याकडचे सात मोठे कोई एका दुपारीत गेले. वडिलांचे ८० हजारांच्या वर पैसे गेले. पैशांपेक्षा मला याचा जास्त संताप येतो की तळ्याचं पाणी मुळात चांगलं होतं. ते बिघडवण्यासाठी आमच्याकडून पैसे घेतले गेले.

आमचं घर सातारा जिल्ह्यात आहे. अण्णांनी निवृत्त झाल्यावर परसात तळं खणून घेतलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल, आत शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद. पाणी बोअरचं, म्हणजे काळ्या पाषाणातलं जड पाणी. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, डाळ शिजायला वेळ लागतो, पण मासे त्यात मजेत वाढत होते. पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय की आम्लारीकडे ते सांगणारा आकडा, ७.८ च्या आसपास. गाळणीसाठी अण्णांनी एका ड्रममध्ये स्पंज, जाळ्या आणि विटांचे तुकडे भरले होते, एवढीच यंत्रणा. आजारी मासा वर्षानुवर्षं पाहिला नव्हता.

मग एक गृहस्थ आले. ‘फिश पाँड वॉटर कन्सल्टंट’ असं छापलेलं कार्ड, इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. मी पुण्याला नोकरीला असतो, त्यामुळे घरी अण्णा आणि आई दोघंच होते. त्याने दोन ग्लास मागवले. एकात तळ्याचं पाणी घेतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं ‘शुद्ध’ पाणी. बॅगेतून एक डबी काढली, जिला खाली धातूच्या चार कांड्या होत्या, त्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या आणि वायर प्लगला लावली. मिनिटभरात तळ्याचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी आणि शेवटी काळपट गाळाने भरून गेलं. दुसरा ग्लास जवळपास होता तसाच.

“काका, बघा, तुमचे मासे हे विष पितायत,” असं तो म्हणाला. आई घाबरून आत निघून गेली.

हा खेळ काय आहे ते आधी समजून घ्या, कारण घरोघरी पाण्याची मशिनं विकणारेही हाच दाखवतात. त्या कांड्यांपैकी दोन लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंडाची कांडीच विरघळायला लागते. तो तपकिरी गाळ म्हणजे त्या कांडीचा गंज. पाण्यात आधीपासून असलेली घाण वगैरे काही नसते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. आमच्या शेजारच्या वहिनी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. नंतर त्यांनी तशीच डबी मिळवली, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाकलं, आणि तस्साच काळपट चिखल अण्णांना करून दाखवला. अण्णा बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत बसले होते.

डबीनंतर त्याने टीडीएसचं पेन बुडवलं. आकडा आला ५४०. “पाचशेच्या वर गेलं की धोका!” पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची मर्यादा ५०० दिली आहे हे खरं, पण दुसरा स्रोत नसेल तर तेच मानक २००० पर्यंत चालवून घेतं. आणि ही मर्यादा माणसाच्या पिण्याच्या पाण्याची आहे. टीडीएसचं पेन विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून एकच आकडा सांगतं. त्यात माशांना हवे असलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटही आले. तळ्यातल्या माशाचा जीव घेतो तो अमोनिया, आणि तो त्या पेनला वेगळा ओळखता येत नाही.

यावर त्याने उपाय विकला तो आरओ प्लँटचा. ५८ हजार रुपये. तळ्यात यापुढे फक्त आरओचं पाणी घालायचं. एक लिटर गाळलेल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी गटारात जात होतं, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. सोबत ‘लाइव्ह बॅक्टेरिया’ची पावडर, दर महिन्याला १,८०० रुपयांची. शिवाय झिओलाइट नावाच्या खनिजाची पिशवी आणि वर खडेमीठ. झिओलाइट गोड्या पाण्यात अमोनिया धरून ठेवतं हे खरं आहे, पण पाण्यात मीठ पडलं की धरलेला अमोनिया ते परत सोडतं. या दोन वस्तू एकत्र विकणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाहीतर लबाड. औषधांचं माप त्याने ‘दहा हजार लिटरचं तळं’ धरून लावलं होतं. १० × ६ × ३.५ म्हणजे २१० घनफूट, आणि एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर मावतात. तळं सहा हजार लिटरच्याही थोडं आतच भरतं. टेप लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्याने तो लावला नाही, कारण मोठ्या तळ्याला जास्त पाकिटं लागतात.

आता खरा घोळ कुठे झाला ते नीट सांगतो, कारण एवढं एक कळलं तर कोणीही तुम्हाला फसवू शकणार नाही.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. गाळणीतल्या विटांवर, स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच सौम्य. नव्या तळ्यात ही जिवाणूंची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एकदा बसली की ती आपली आपण वाढते, तिला दर महिन्याला पाकिटातून नवे जिवाणू लागत नाहीत. त्यातून ही अमोनिया खाणारी जात बीजाणू धरत नाही, म्हणजे कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने टिकून राहणं तिला जमत नाही. बाजारातल्या कोरड्या पावडरीत बहुधा बॅसिलस नावाचे वेगळे जिवाणू असतात. ते तळाचा गाळ कुजवतात, पण अमोनियाच्या कामाला त्यांचा भरवसा धरता येत नाही. वर त्या गृहस्थाने अण्णांना सांगितलं होतं की गाळणीचे स्पंज दर आठवड्याला नळाखाली खळखळून धुवा. आमच्या नळाला क्लोरीनचं पाणी येतं. म्हणजे वस्तीतले जिवाणू दर आठवड्याला मरत होते आणि त्यांच्या जागी पाकीट विकलं जात होतं. स्पंज धुवायचाच असेल तर तळ्यातलंच पाणी बादलीत घ्यावं आणि त्यात हलकेच पिळावा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे जिवाणू काम करताना पाण्यातला बायकार्बोनेट खातात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला सुमारे सात ग्रॅम क्षारता खर्च होते. ही क्षारता, जिला तळेवाले केएच म्हणतात, तीच पीएचला धरून ठेवते. आमच्या बोअरच्या पाण्यात ती २०० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे २०० मिलिग्रॅमच्या) वर होती. म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडलं नव्हतं, आठवड्याला थोडं ताजं पाणी घातलं की खर्च झालेली क्षारता भरून निघायची. आरओच्या पाण्यात मात्र ती जवळजवळ शून्य. दर पाणीबदलाला चांगलं पाणी बाहेर जात राहिलं आणि रिकामं पाणी आत येत राहिलं. केएच संपत आला तसा पीएच ढासळला. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळपास थांबतात. अमोनिया साठत गेला.

दर महिन्याला तो गृहस्थ येऊन पाण्याची ‘तपासणी’ करत होताच. पट्टी बुडवायची, रंग तक्त्याशी जुळवायचे, “सगळं ओके, काका!” मी नंतर ती पट्टी हातात घेऊन पाहिली. तिच्यावर नायट्रेट, नायट्राइट, कडकपणा, क्लोरीन यांचे चौकोन होते. अमोनियाचा चौकोनच नव्हता! बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांवर तो नसतो. केएच आणि पीएचचे चौकोन होते आणि त्यांनी तेव्हा खरं सांगितलंही असणार, पण ते वाचायचं काम त्याच्याकडे होतं.

मासे सुस्त झाले, तळाशी बसून राहायला लागले, खाणं सोडलं. अण्णांनी फोन केला. त्याने एका पोऱ्याच्या हाती ‘पीएच स्टॅबिलायझर’चं पाकीट पाठवलं, अर्धा किलोचे ६५० रुपये, आणि फोनवर सांगितलं, “काका, वाटीभर बादलीत कालवून एकदम ओता, तासाभरात मासे पळायला लागतील.”

मासे खरोखरच पळाले. पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करत, कडेला धडका देत. कल्ले लालभडक झाले होते. संध्याकाळपर्यंत सातही गेले. यातला सगळ्यात मोठा, पांढऱ्यावर केशरी ठिपक्यांचा, अण्णांच्या बोटांतून खाणं घ्यायचा.

त्या रात्री वहिनींनी द्रवाच्या थेंबांच्या किटने मोजलं. एकूण अमोनिया ४ पीपीएम, पीएच ९ च्या वर. त्यांनी मला समजावलं ते इथे जसंच्या तसं देतो. किट दाखवतं तो आकडा दोन गोष्टींचा मिळून असतो. एक अमोनियम, जो माशाला फारसा त्रास देत नाही. दुसरा मोकळा अमोनिया, जो मारतो. कोणता किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. पाणी २५ अंशांवर असेल तर पीएच ६ ला मोकळा अमोनिया एकूणाच्या जेमतेम ०.०६ टक्के असतो, ७ ला अर्धा टक्का, ८ ला पाच टक्के, आणि ९ ला तब्बल ३६ टक्के. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्याहून जास्त. आपल्या तळ्यात ४ पीपीएम आधीपासून साठलेलेच होते, पण पीएच खाली असल्यामुळे ते निजलेले होते. मोकळा अमोनिया ०.०२ पीपीएमच्या वर फार काळ माशांना सोसत नाही असं मानतात. त्या वाटीने तो एका तासात दीडच्या घरात नेला.

पाकिटातली पावडर काय होती? वहिनींनी ती पाण्यात कालवून, गाळून, नितळ पाण्यात स्ट्रॉने फुंकर मारली. पाणी दुधाळ झालं. आठवीच्या पुस्तकातली चुन्याच्या निवळीची परीक्षा. ६५० रुपयांना अर्धा किलो चुना विकला होता. क्षारता नसलेल्या पाण्यात चुना म्हणजे पीएचची उडी ठरलेलीच. हेच काम खायच्या सोड्याने सावकाश होतं. हजार लिटरला ३० ग्रॅम सोडा घातला की केएच साधारण १८ पीपीएमने वाढतो आणि पीएच सव्वाआठ-साडेआठच्या वर सहसा जात नाही. पण साठलेला अमोनिया आधी कमी केल्याशिवाय तोही घालायचा नाही.

तो माणूस नंतर फोन उचलेना. पावत्या सगळ्या कच्च्या, जीएसटी क्रमांक नाही, पाकिटांवर उत्पादनाची तारीख नाही. तरी आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी करतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. आमच्या हाती असलेला भक्कम पुरावा म्हणजे अण्णांनी पैसे यूपीआयने दिले होते ती नोंद, आणि डोस सांगणारे त्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज. रोख मागणाऱ्याला ‘यूपीआयनेच देतो’ म्हणा.

तळ्यासाठी विकत घ्यायचं असेल तर एवढंच घ्या: अमोनियाचं थेंबांचं किट, केएचचं किट आणि पीएचचं किट. तिन्ही मिळून त्या प्लँटच्या किमतीपुढे काहीच नाही. पीएच सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बघा. शेवाळ असलेल्या तळ्यात दुपारी तो वर जातो आणि पहाटे खाली येतो. केएच चांगला असेल तर हा फरक थोडाच राहतो.

आणि ज्यांनी असा आरओ आधीच बसवलाय, ज्यांचा पीएच सहाच्या आसपास आलाय, त्यांनी आज घाबरून सोडा, चुना किंवा बोअरचं पाणी भसकन टाकू नका. आधी खाणं बंद करा. मग त्याच आरओच्या पाण्याने, तापमान जुळवून, रोज थोडं थोडं पाणी बदलत राहा. पीएच जागचा हलणार नाही आणि अमोनिया पातळ होत जाईल. किटवर तो अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की दर खेपेला दहा टक्के बोअरचं पाणी मिसळायला लागा, प्रत्येक खेपेनंतर पीएच आणि अमोनिया दोन्ही मोजा, आणि पुढची खेप दुसऱ्या दिवशी. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवा. गाळणीतले जिवाणू पुन्हा बसेपर्यंत महिना-दीड महिना जाईल, तोवर चिमूटभरच खाणं.