एजंटचा बॅकअप मिळतो, पण अर्धाच

नागपूरच्या कळमना बाजारातील आमच्या संत्र्यांच्या अडतीवर खरेदीदारांच्या चौकशांना उत्तरे देणारा एआय एजंट ज्या सेवेवर चालतो, तिची एक्स्पोर्टची, म्हणजे एजंटची मांडणी फाइलरूपात उतरवून घेण्याची, सोय मी हंगामापूर्वी मुद्दाम तपासली. एका क्लिकवर जेसन फाइल (साध्या मजकुरात मांडणी नोंदवणारी फाइल) उतरली; तीत एजंटला दिलेल्या सूचना, मॉडेलचे नाव, टेम्परेचर (उत्तरांत किती वैविध्य असावे ते ठरवणारा आकडा) ०.२ आणि टूल्सची, म्हणजे एजंट वापरू शकतो त्या साधनांची, यादी होती. एपीआय की (इतर सेवांशी जोडणाऱ्या गुप्त किल्ल्या) वगळल्या होत्या, आणि ते योग्यच. त्या असत्या तर मीच तक्रार केली असती. मात्र नव्या खात्यात फाइल चढवल्यावर एजंट गिऱ्हाइकालाच मृग बहर (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचे संत्रे) म्हणजे काय ते विचारू लागला, कारण अपलोड केलेली भावपत्रके आणि माहितीपत्रके एक्स्पोर्टमध्ये आलीच नव्हती व तसे कुठे सांगितलेलेही नव्हते. आता ती मी वेगळी जपतो. जेसन फाइल गिटमध्ये (फाइलमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवल्याने सूचनेतला बदललेला शब्दही दिसतो. पाचपैकी तीन तारे.