जिओकॅशिंगच्या डब्याला कुलूप बसवून घेताय? पैसे द्यायच्या आधी हे वाचा (सातारा)

साताऱ्यात किंवा आसपास कुणी लोखंडी डब्याला कडी-कोयंडा लावून नंबरचं कुलूप बसवून घेणार असेल तर प्लीज हे पूर्ण वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण फसवायची पद्धत सगळी सांगते, कारण ती वरून बघून कळतच नाही, पाऊस पडला की कळते आणि तोवर पैसे गेलेले असतात.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुठेतरी डबा लपवायचा, त्याचे जीपीएस आकडे जाहीर करायचे, लोकांनी शोधत यायचं, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच ठेवायचा. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, साध्या रिसीव्हरलाही जागा नीट सापडायला लागली आणि त्याच आठवड्यात ओरेगॉनमध्ये एकाने पहिला डबा ठेवला, तिथून हा खेळ सुरू झाला. माझा भाचा पुण्यात शिकतो, त्याला हा नाद लागला आणि त्याचं बघून आमच्या गल्लीतली पोरं पण मागे लागली. किल्ल्यावर किंवा कासच्या पठारावर असलं काही ठेवायचं नाही हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे माझ्या मावसभावाचं यवतेश्वरच्या बाजूला रान आहे तिथे बांधाच्या कडेला, त्याला विचारून, जागा नक्की केली.

डबा म्हणजे मिलिटरीत गोळ्या ठेवतात त्या पद्धतीचा. जाड पत्रा, झाकणाच्या आतून कडेकडेने फिरलेलं काळं रबर आणि पुढे खटका, खटका दाबला की झाकण रबरावर आवळून बसतं. डब्याचा सगळा जीव त्या रबरात असतो. त्यावरची मिलिटरीची अक्षरं आम्ही रंग मारून घालवली, कारण अशी पेटी झुडपात दिसली तर कोणीही घाबरून पोलिसांना फोन करणार, आणि वर मराठीत मोठ्या अक्षरात खेळाचा डबा आहे म्हणून लिहिलं. कुलूप एवढ्यासाठी हवं होतं की पोरांनी कोडं घातलेलं, शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला ते साल शोधायचं, १७०८, आणि ते लावलं की डबा उघडणार.

फॅब्रिकेशनवाल्याला मी स्पष्ट सांगितलं होतं की डब्याला भोक पाडायचं नाही. तो म्हणाला, "ताई, फुल वेल्डिंग करून देतो, एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) कडी-कोयंडा, कुलूप प्युअर पितळी, पाण्याचा टिपूस आत जाणार नाही." हेच मी व्हॉट्सअ‍ॅपवर पण लिहून घेतलं, त्याने "हो, होल नाही" असा रिप्लाय दिला. सगळं मिळून १८०० रुपये घेतले. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वेगळा लागेल, कशाला, माझी गॅरंटी आहे ना. कच्च्या कागदावर आकडा लिहून दिला.

डबा हातात आला तेव्हा चकाचक होता. आतून कोयंड्याच्या मागे फुगवटे दिसत होते, त्याबद्दल विचारलं तर म्हणाला वेल्डिंगचे आहेत. रबराच्या जागी मात्र करड्या रंगाची फोमची पट्टी चिकटवली होती, दाराच्या फटीला लावतात तसली. तर म्हणे वेल्डिंगच्या उष्णतेने जुनं रबर वितळलं असतं म्हणून काढलं, हे नवीन जास्त चांगलं आहे.

पावसाळा लागला आणि पहिल्याच मोठ्या पावसानंतर मावसभावाचा फोन आला की डबा उचलला तर आतून पाणी खळखळतंय. वहीचा लगदा झाला होता, पोरांनी बदलाबदलीसाठी ठेवलेल्या छोट्या वस्तू, भाच्याने हाताने काढलेला नकाशा, सगळं गेलं. तो नकाशा बघून पोरगं गप्पच बसलं, मला त्याचाच राग जास्त आला.

मग घरी आणून त्या फुगवट्यावर नखाने खरवडलं. सिल्व्हर रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली गुलाबीसर पुट्टी, पुट्टी उकरली तर खाली अ‍ॅल्युमिनियमचा पॉप रिवेट! वेल्डिंग कुठेच नाही. कोयंड्याचे रिवेट सरळ डब्याच्या भिंतीतून आरपार, रबराच्या रेषेच्या आतल्या बाजूला. साधा पॉप रिवेट मधून पोकळ असतो, आतला खिळा ओढून तुटला की पाण्याला वाट राहते, बंद तोंडाचे रिवेट मिळतात पण ते पण वापरले नाहीत. आणि आता विचार करा, वेल्डिंग केलंच नव्हतं तर उष्णता कुठली आणि रबर कशासाठी काढलं? चांगलं जाड रबर होतं ते, काढून घेतलं आणि आमच्या गळ्यात फोम मारला जो पाणी अडवायचं सोडून शोषून घेतो.

कडी-कोयंड्याला चुंबक लावलं तर चटकन चिकटलं, म्हणजे ३०४ ग्रेडचं, न गंजणारं चांगलं स्टेनलेस स्टील नक्कीच नाही, बहुतेक साधं लोखंड, वरून मुलामा. इथे एक लक्षात ठेवा, चुंबक चिकटलं नाही म्हणजे माल ३०४ ग्रेडचाच आहे असं नसतं, स्वस्तातल्या २०२ ला पण चिकटत नाही आणि तो पावसात लवकर गंजतो, म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्यायचा. कुलपाच्या बाबतीत तर चुंबकाचा उपयोगच नाही, कारण पितळेला पण चिकटत नाही आणि जस्ताच्या ओतीव मालाला पण नाही. कुलपाच्या तळाला, दिसणार नाही अशा जागी, टोकदार खिळ्याने ओरखडा मारा. पितळ असेल तर आतून पण पिवळंच निघतं, आमचं करडं पांढरं निघालं. आणि अजून एक, १७०८ ला तर उघडत होतंच, पण शेवटचं चाक ७ वर किंवा ९ वर ठेवून कडी ओढली तरी उघडत होतं! चार आकड्यांचे दहा हजार नंबर होतात म्हणून लोक विश्वास ठेवतात, आणि इथे आतली चाकं इतकी ढिली की कोडं सोडवायची गरजच नाही. दुकानात उभं राहून एकेक चाक एक घर पुढे-मागे करून ओढून बघा, मिनिटभराचं काम आहे.

डबा घेऊन दुकानात गेले तर आधी म्हणाला पाण्याची गॅरंटी कुणीच देत नाही, व्हॉट्सअ‍ॅप दाखवलं तर म्हणाला, "ताई, तुम्हाला वेल्डिंगमधलं काय कळतंय?" चार गिऱ्हाइकांसमोर. आमचं जुनं रबर तरी परत द्या म्हटलं तर फेकून दिलं म्हणे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, चॅट आणि फोटो जोडता आले, त्यामुळे कोणाचं बिल नसेल तर लगेच हात टेकू नका. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

ज्यांचा डबा सध्या कारागिराकडे आहे त्यांनी आजच फोन करून सांगा की रबराला हात लावू नको, आणि जे काही भोक किंवा टाका मारायचा तो झाकणाची कड रबराच्या बाहेर येते तिथेच. ताबा घेताना आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून, खटका लावून, वर वजन ठेवून डबा बादलीत पूर्ण बुडवा आणि अर्धा तास तिथेच थांबा. कारागीर नको म्हणाला तर पैसे देऊ नका. आमच्या डब्याचे रिवेट मी अजून काढलेले नाहीत, पुरावा म्हणून तसेच ठेवलेत, पोरांसाठी दुसरा डबा बघतेय आणि या वेळी त्याला कुलूप लावायचं तर आधी मूळ रबर शाबूत आहे का ते बघूनच.