थंडीत सशाला घेऊन पुणे ते निफाड: कडक पेटीचा हिवाळाभराचा अनुभव

मांजरांसाठी म्हणून विकतात ती कडक प्लास्टिकची, समोरून आणि वरून दोन्हीकडून उघडणारी पेटी दिवाळीनंतर घेतली आणि फेब्रुवारी संपेपर्यंत सतत वापरली. आत बसणारी आमची भुरी, वजन दोन किलोच्या आसपास, स्वभावाने भित्री. मी पुण्यात राहते, माहेर निफाडजवळ. म्हणजे नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत थांबे धरून सहा तासांचा रस्ता. शेवटी जिथे पोचायचं तिथली थंडी सगळ्यांना माहीत आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो आणि एखाद्या पहाटे तो पाच अंशांच्याही खाली असतो.

पेटीबद्दल सांगण्याआधी थंडीबद्दल सांगायलाच हवं, कारण पेटी कशी वापरायची ते त्यावर ठरतं. सशाला थंडी बऱ्यापैकी सोसते. साधारण १० ते २० अंशांत तो मजेत असतो. २५ च्या पुढे गेलं की त्याचे हाल सुरू होतात. घाम येऊन अंग गार होण्याची सोय त्याला नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. थंडीत त्याच कानांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून कान हाताला गार लागतात. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका. ससा खातोय, नाक नेहमीसारखं हलतंय, हात लावला की सावध होतोय, तर तो ठीक आहे. त्याला बाधते ती ओल, थेट अंगावर येणारा वारा आणि तापमानातला झटक्यात झालेला बदल.

आपल्याकडचा हिवाळा इथेच अवघड आहे. पहाटे आठ-नऊ अंश आणि त्याच दिवशी दुपारी अठ्ठावीस-तीस. सकाळी निघताना जे पांघरूण हवं असतं, तेच संगमनेरच्या पुढे उन्हात त्रासाचं होतं. त्यामुळे ऊब देणारी प्रत्येक गोष्ट रस्त्यात हात घालून काढता आली पाहिजे. हिवाळाभर पेटी वापरून माझं हे मत पक्कं झालं आहे.

याच कसोटीवर कडक पेटी कापडी बॅगेपेक्षा फार सरस ठरली. कापडी बॅग वजनाला हलकी आणि दिसायला उबदार, पण तिच्या भिंती मऊ. वळणावर ससा त्या भिंतीवर कलंडतो आणि चेनजवळचं कापड तर दातांना आयतंच. लघवी अस्तरात मुरली की ती बॅग प्रवासात वाळत नाही आणि थंडीत ओल्या कापडावर बसलेला ससा लवकर गारठतो. कडक पेटी पुसली की कोरडी. वरचं दार तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. घाबरलेल्या सशाला समोरच्या दारातून ओढून काढायला गेलं की तो मागचे पाय जोरात झाडतो आणि त्या झटक्याने सशाच्या पाठीचा कणा मोडूही शकतो. वरून दोन्ही हात घालून, एक छातीखाली आणि एक मागच्या पायांखाली धरून उचललं की भुरी धडपडत नाही.

आतली मांडणी अशी: तळाला वर्तमानपत्राच्या जाड घड्या, त्यावर फ्लीसचं, म्हणजे कृत्रिम धाग्याचं मऊ, उबदार कापड, त्यावर मूठ-मूठ वाळलेलं गवत. फ्लीसच का? टर्किशच्या टॉवेलच्या फासांत नखं अडकतात. लोकरीचे धागे ससा चावून गिळतो, ते पोटात गुंता करतात, आणि सशाला उलटी करता येत नाही. फ्लीसला फास नसतात, ते पटकन वाळतं आणि त्यावर पाय घसरत नाहीत. कडाही कुरतडतो का यावर मात्र नजर ठेवावी लागते. एक कोरडा तुकडा नेहमी जादा ठेवते आणि मधल्या थांब्यावर बदलते.

आईला भुरीचा फार लळा. पहिल्यांदा निघताना ती म्हणाली, "अगं, तिला शालीत गुंडाळ ना, किती गारठा आहे!" शाल नको म्हटलं, तर तिने जुनी गोधडी काढून दिली, आणि तिचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. गोधडी आत घालायची नाही, पेटीवरून टाकायची: मागे आणि दोन्ही बाजूंना, समोरची जाळी पूर्ण मोकळी. या पेटीच्या बाजूंना हवेची भोकं जरा खाली, थेट सशाच्या अंगाच्या उंचीवर आहेत, हा तिचा मोठा दोष. गोधडीमुळे तो बराच झाकला जातो. चारही बाजूंनी गुंडाळू मात्र नये. हवा कोंडते, लघवीचा उग्र वास आत साठतो आणि सशाचं नाक, फुप्फुसं फार नाजूक असतात.

गरम पाण्याची रबरी पिशवी मी पेटीत कधीच ठेवत नाही, दातांनी ती फुटेल. हाताला सोसवेल इतपत गरम पाणी भरून, जाड कापडात गुंडाळून, ती पेटीच्या मागच्या भिंतीला बाहेरून टेकवते आणि वर गोधडी. भिंत कोमट होते. भुरीला हवं तेव्हा ती पाठ टेकून बसते, नको झालं की जाळीकडे सरकते. उन्हं वर आली की पिशवी काढून घ्यायची.

गाडीत पेटी ठेवायला पुढच्या सीटच्या मागची, पाय ठेवायची जागा सगळ्यात स्थिर. पण आधी तिथे हात धरून बघा. बऱ्याच गाड्यांत मागच्यांच्या पायांसाठी हीटरची हवा सीटखालून येते. आमच्याही गाडीत तो झोत नेमका जाळीवर येत होता. आता हवा काचेकडे वळवून ठेवतो आणि गाडीत अठरा-वीस अंशांच्या वर जात नाही. आपल्याला स्वेटर घालता येतो, भुरीच्या अंगावरची लोकर तिला उतरवता येत नाही. चहाला थांबलं की तिच्या बाजूचं दार उघडायचं नाही, आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीत तिला एक मिनिटही सोडायचं नाही, महिना डिसेंबरचा असला तरी.

पुण्यातल्या पुण्यात डॉक्टरकडे जाताना रिक्षा करते. पेटी वाऱ्याच्या बाजूला झाकून सीटवर धरायची. सकाळच्या गारठ्यात स्कूटरवर सशाला नेऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं. वारा आणि हादरे दोन्ही थेट त्याला लागतात.

खाण्याबद्दल तडजोड नाही. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं, उपाशी ठेवून प्रवास अजिबात नको. गवत सारखं समोर हवं. टिमथी हे सशांना घालायचं वाळलेलं विलायती गवत महाग पडतं, म्हणून मी त्यात वाळवलेली हरळी मिसळते. लसूणघास पिल्लांना ठीक; मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. वाटीतलं पाणी सांडून सगळं ओलं करतं, म्हणून चालत्या गाडीत धुतलेली कोथिंबीर देते आणि थांब्यावर वाटी धरते.

निघायची वेळही आम्ही बदलली. पहाटे पाचऐवजी आता उन्हं आल्यावर निघतो. माहेरी पोचल्यावर भुरीला आतल्या खोलीत, दारापासून लांब ठेवतो. त्या दिवसांत द्राक्षबागांतून आणि अंगणात शेकोट्या पेटतात, तो धूर तिला सोसत नाही. पुढचे काही तास मी लेंड्या बघते: नेहमीच्या आकाराच्या आणि पुरेशा असतील तर प्रवास मानवला. दहा-बारा तास खाणं किंवा लेंड्या बंद राहिल्या, किंवा ससा मलूल होऊन अंगही गार लागलं, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. सशाचं अंग एरवी साडेअडतीस ते चाळीस अंश असतं, अडतीसच्या खाली जाणं धोक्याचं.

पेटीच्या आणखी तक्रारी दोन. समोरची जाळी खडखडते आणि त्या आवाजाने सुरुवातीला भुरी पाय आपटायची. बिजागरीशी कापडाची पट्टी बांधल्यावर थांबली. वरच्या दाराची प्लास्टिकची कडी आता सैल झाली आहे, म्हणून वरून पट्टा आवळते. पुन्हा घेताना धातूची कडी आणि वरच्या बाजूला भोकं असलेलीच घेईन. मापही बघून घ्या: ससा आत वळू शकावा आणि अंग लांब करून पडू शकावा, त्याहून फार मोठी नको, ब्रेक लागला की तो आत फेकला जातो. दोन ससे जोडीने राहत असतील तर मोठी पेटी घेऊन त्यांना एकत्रच न्या.

म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या किंवा नाक वाहणाऱ्या सशाला मी या पेटीतही थंडीत इतका लांब नेणार नाही. आणि निघण्याआधी वाटेतल्या मोठ्या गावांत ससे बघणारा डॉक्टर कोण, ते फोन करून विचारून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने सगळीकडे आहेत, सशावर उपचार करणारे थोडे.