शिवाजी पार्क की घोडबंदर रोड?

घर घेताना आपण चौरस फूट मोजतो, दारापासूनची पावलं मात्र मोजत नाही. दादरच्या शिवाजी पार्कात ती जरूर मोजावीत. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मैदान कुणाच्याही मालकीचं वाटत नाही, म्हणूनच सगळ्यांचं आहे. आजोबा फेरी मारून उद्यान गणेशाला हात जोडतात, नात समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकते, येताना भाजी घेतली जाते. कट्ट्यावर बसायला पैसे लागत नाहीत आणि ओळखी तिथेच होतात.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या संकुलांत जागा मोठी, तरणतलाव आणि जिम आतच, लहान मुलांना गाड्यांची भीती कमी, पाठीशी येऊरचं रान. पण ही सोय फाटकाच्या आतल्यांपुरती. बाहेर पडलं की महामार्ग. पलीकडच्या दुकानात जायलाही ज्येष्ठांना रिक्षा लागते.

शिवाजी पार्कातल्या किमती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत, काही जुन्या इमारतींना लिफ्टही नाही. तरी घरात म्हातारं माणूस असेल, तर मी ठाण्यातच नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीत लहान घर बघेन, लिफ्ट असलेलं.