शॉर्टकट वर्म काढायला सेफ्टी स्कॅनर चांगला की डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन?

पेनड्राइव्ह उघडावा तर आपल्या फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट, प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण आणि साइझच्या रकान्यात एक-दोन केबी. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला दिलेला पेनड्राइव्ह कितीदा तरी अशा अवस्थेत परत येतो. सगळे याला शॉर्टकट व्हायरस म्हणतात, पण हा वर्म आहे. व्हायरसला चिकटायला दुसरी फाइल लागते. वर्म स्वतःची नक्कल स्वतःच पुढच्या ड्राइव्हवर किंवा नेटवर्कमधल्या पुढच्या मशीनवर टाकतो. म्हणून एकच मशीन साफ केलं की तो दोन दिवसांत परत येतो.

तो काढायला मायक्रोसॉफ्टची दोन साधनं मोफत मिळतात: विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडर अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन आणि वेगळा डाउनलोड करायचा सेफ्टी स्कॅनर. दोन्ही कामाची आहेत, पण ऑफलाइन स्कॅन आधी आणि सेफ्टी स्कॅनर नंतर, हाच क्रम ठेवा.

कारण समजायला त्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं टार्गेट वाचा. जेनक्सकससारख्या वर्ममध्ये तिथे तुमच्या फोल्डरचा पत्ता नसतो, सीएमडीची, म्हणजे विंडोजला हुकूम देणारी, एक लांबलचक ओळ असते. ती आधी पेनड्राइव्हवर लपवलेली व्हीबीएस स्क्रिप्ट, म्हणजे वर्मचा छोटा प्रोग्राम, चालू करते आणि लगेच तुमचं खरं फोल्डरही उघडून देते. फोल्डर उघडलं म्हटल्यावर शंका कोणाला येणार? तोवर स्क्रिप्टने स्वतःची प्रत टेम्प किंवा ॲपडेटामध्ये टाकलेली असते, स्टार्टअप फोल्डरमध्ये आणि रजिस्ट्रीच्या रन कीमध्ये (विंडोज चालू होताना काय सुरू करायचं त्या यादीत) नोंद केलेली असते, आणि डब्ल्यूस्क्रिप्ट या विंडोजच्याच स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या नावाने ती मेमरीत चालू असते. पेनड्राइव्हवरचे शॉर्टकट तुम्ही पुसता, काही सेकंदांत ती ते पुन्हा लिहिते. चालू विंडोजमध्ये स्कॅनर लावला तर झगडा या जिवंत वर्मशी असतो.

ऑफलाइन स्कॅन मशीन रीस्टार्ट करून विंडोजच्या रिकव्हरी भागातून चालतं. तिथे रन की वाचलीच जात नाही, त्यामुळे वर्म झोपलेला असतानाच सापडतो. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स आणि तिथे ऑफलाइन स्कॅन. बटण दाबण्याआधी उघड्या फाइली सेव्ह करा, लॅनची वायर काढा, वायफाय बंद करा. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा. साधारण 15 मिनिटं लागतात आणि निकाल नंतर प्रोटेक्शन हिस्टरीत दिसतो. मशीन रीस्टार्ट होऊन स्कॅन न करताच थेट डेस्कटॉपवर आलं, तर बहुधा रिकव्हरी भाग बंद असतो. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी ही कमांड इन्फो पर्यायासह चालवा. डिसेबल्ड दिसलं तर तीच कमांड इनेबल पर्यायासह द्या. या साधनाची उणीव म्हणजे अमुक फोल्डर किंवा अमुक ड्राइव्ह तपास असं त्याला सांगता येत नाही.

ती उणीव सेफ्टी स्कॅनर भरून काढतो. इन्स्टॉल करावा लागत नाही, दुसऱ्या अँटिव्हायरसच्या सोबतीने चालतो, आणि कस्टमाइज्ड स्कॅनमध्ये पेनड्राइव्ह निवडता येतो. मात्र डाउनलोड केल्यापासून 10 दिवसांनी तो निकामी होतो, तेव्हा जुनी प्रत जपून ठेवू नका, दर वेळी नवी घ्या. ती स्वच्छ मशीनवर उतरवा. 2008 मधला कॉन्फिकर हा वर्म तर बाधित मशीनवर मायक्रोसॉफ्टचं नाव असलेले पत्तेच अडवायचा. बाधित मशीनवर नेताना शक्यतो डीव्हीडीवर न्या. पेनड्राइव्हने नेली तर तोही बाधित समजा.

सेफ्टी स्कॅनरचा सर्वांत मोठा दोष पडद्यावरच्या आकड्याचा. स्कॅन चालू असताना ‘फाइल्स इन्फेक्टेड’समोर पाच, आठ, बारा असे आकडे चढतात, आणि शेवटी काहीच सापडलं नाही असा निरोप येतो. लोक घाबरून मशीन फॉरमॅट करायला निघतात. तो आकडा प्राथमिक संशयाचा असतो, पक्की तपासणी शेवटी होते. खरा निकाल विंडोज फोल्डरातल्या डीबग फोल्डरात, एमएसईआरटी नावाच्या लॉग फाइलमध्ये असतो. तिथे ‘नो इन्फेक्शन फाउंड’ आणि रिटर्न कोड 0 असेल तर या साधनाला काही सापडलेलं नाही. एवढी मोलाची माहिती मुख्य खिडकीत दाखवायला हवी होती. शिवाय हा पहारा देत नाही, चालवाल तेव्हाच तपासतो.

लपलेल्या फाइली मात्र दोघंही परत आणत नाहीत, म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट करायची घाई नको. डेटा तिथेच असतो, त्याला हिडन आणि सिस्टिम असे दोन शिक्के मारलेले असतात. सिस्टिमच्या शिक्क्यामुळे प्रॉपर्टीजमधला हिडनचा चौकोन करडा पडतो आणि माउसने निघत नाही. त्यासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब कमांड लागते. इंग्रजीत टाइप करायची: ॲट्रिब, मग सुटे सुटे उणे एच, उणे एस, उणे आर, मग तिरपी रेघ देऊन एस, तिरपी रेघ देऊन डी, आणि शेवटी ड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी रेघ, तारा, टिंब, तारा. डी विसरलात तर फाइली दिसतात, फोल्डरं लपलेलीच राहतात. ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा. चुकून सी लिहिलंत तर विंडोजच्याच फाइलींचे शिक्के निघतात. हे सगळं वर्म निघाल्यावरच करा, नाहीतर तो पुन्हा लपवेल.

साफसफाईनंतर मशीन चालू होताना ‘कॅन नॉट फाइंड स्क्रिप्ट फाइल’ असा चौकोन येत राहिला, तर वर्म परतलेला नाही. स्क्रिप्ट गेली, रन कीमधली नोंद राहिली. आपोआप सुरू होणारे प्रोग्राम दाखवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्याच ऑटोरन्स या साधनात लॉगऑनचा टॅब उघडा, व्हीबीएसकडे बोट दाखवणारी ओळ आधी नुसती अनटिक करा, रीस्टार्ट करून पाहा, मग पुसा. शेड्यूल्ड टास्क्सचा टॅबही बघा.

नेटवर्कवरून शिरणारा वर्म असेल तर ही दोन्ही साधनं अपुरी पडतात. वॉनाक्राय हा वर्म 12 मे 2017 रोजी पसरला, तो अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, 14 मार्चलाच आला होता. ज्यांनी टाकला नव्हता त्यांच्याकडे तो 445 पोर्टमधून एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीच्या भोकातून शिरला. म्हणून ऑफिसातली सगळी मशीनं लॅनपासून तोडून एकेक साफ करा, अपडेट करा आणि मगच जोडा. विंडोज फीचर्समध्ये एसएमबी 1.0 ची टिक काढा. जुनं झेरॉक्स मशीन स्कॅन थेट शेअर्ड फोल्डरात पाठवत असेल तर ते पाठवणं त्यानंतर बंद पडू शकतं. त्या मशीनला ईमेलवर किंवा एफटीपीवर वळवा, पण ती टिक परत लावू नका.